घरच्या गाड्यांसाठी ग्रीस गन कोणती घ्यावी : दोन हातांची लिव्हरची, की पिस्तुलासारखी?

प्रश्न : बांधावरची_जीप

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी १९९२ सालची महिंद्रा एमएम ५४० जीप, एक ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, त्याची दोन चाकांची ट्रॉली आणि पाच फुटी रोटाव्हेटर असा पसारा आहे; शिवाय रोजच्या वापराची एक छोटी कार आणि मोटारसायकल आहे. आजवर ग्रीसिंगसाठी जीप आणि ट्रॅक्टर तालुक्याच्या गावी न्यावे लागत. त्यात अर्धा दिवस मोडतो आणि समोरून दिसतील तेवढ्याच निपलांना (ग्रीस आत घालण्याच्या छोट्या तोट्यांना) ग्रीस मिळते, असा माझा अनुभव आहे.

गेल्या महिन्यात जीप पहिल्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडताना मागच्या प्रोपेलर शाफ्टमधून (गिअरबॉक्सची फिरकी मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्यातून) 'कट्' असा आवाज येऊ लागला. त्याचा क्रॉस (चार भुजांचा वळता जोड) उतरवून पाहिला, तेव्हा भुजांच्या टोकांवरच्या चारपैकी तीन कपांत काळे का होईना, पण ग्रीस होते. चौथ्या कपातील बेअरिंगच्या सुया मात्र गंजून विटेच्या भुकटीसारख्या झाल्या होत्या. नवा क्रॉस बसवला आणि यापुढे हे काम घरीच करायचे असे ठरवले.

वडिलांच्या काळातील एक लहान ग्रीस गन घरात आहे. ती निपलावर टेकवून अंगाच्या जोराने ढकलावी लागते आणि निपलात जाते त्याहून जास्त ग्रीस मनगटावर येते. त्यामुळे नवी घ्यायची आहे. दुकानात लिव्हर असलेली आणि पिस्तुलासारखा खटका असलेली, असे दोन प्रकार दाखवले. दोन्हींच्या डब्यावर 'दहा हजार पीएसआय' (पीएसआय हे दाबाचे एकक) असेच छापलेले होते. माझा खर्चाचा अंदाज दीड ते दोन हजार रुपयांचा आहे. २५० ग्रॅमची पुरेल की ५०० ग्रॅमची घ्यावी, लोखंडी नळी चांगली की रबरी होज, बॅटरीवरची गन आमच्यासारख्यांना परवडते का आणि कार व मोटारसायकलसाठीही हिचा काही उपयोग होईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : आगारातले_काका

आपल्या चौथ्या कपाची हकिकत वाचून बरे वाटले नाही, पण आश्चर्यही वाटले नाही. मी एस. टी.च्या आगारात कार्यशाळेत नोकरी केली आहे आणि तीन कप ओले, एक कोरडा असे क्रॉस किती पाहिले याची गणती नाही. क्रॉसच्या मध्यावर एकच निपल असते आणि तिथून चारही भुजांना आतून भोके गेलेली असतात. ग्रीस जिकडे कमी अडथळा असेल तिकडे आधी जाते, पहिल्या सीलमधून बाहेर आलेले दिसले की ग्रीस मारणारा हात थांबवतो आणि ज्या कपाचे भोक जुन्या, सुकलेल्या ग्रीसने बुजलेले असते तो तसाच राहतो. म्हणून चारही सीलमधून ताजे ग्रीस डोकावेपर्यंत काम पुरे झाले असे समजू नये. एखादा कप हट्ट करत असेल, तर शाफ्ट हाताने त्या कपाच्या उलट दिशेला रेटून धरावा, तरीही न आल्यास त्या बाजूची पकड किंचित सैल करून पुन्हा ग्रीस मारावे आणि नंतर आठवणीने घट्ट करावी.

आता गनविषयी. दुकानात जाण्यापूर्वी एक खडू आणि चिंधी घेऊन सगळ्या निपलांवर खुणा करत फिरा. जीपच्या पाट्यांच्या शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या कड्या), प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि सरकता जोड, स्टिअरिंगचे दांडे. ट्रॅक्टरच्या पुढच्या अ‍ॅक्सलची मधली पिन आणि दोन्ही किंगपिन (पुढची चाके ज्यांवर वळतात त्या पिना). रोटाव्हेटरच्या पीटीओ शाफ्टचे, म्हणजे ट्रॅक्टरची फिरकी रोटाव्हेटरला देणाऱ्या दांड्याचे, दोन क्रॉस. ट्रॉलीचा हूक आणि चाकांकडच्या जागा. प्रत्येक ठिकाणी आपला हात कसा पोचतो आणि तिथे सरळ नळी बसेल की वळवावी लागेल, हे पाहून ठेवा, कारण गनची निवड तिथे ठरते. कार आणि मोटारसायकलसाठी गन घेऊ नका. हल्लीच्या कारमधील बॉल जॉइंट कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेले असतात, त्यांना निपल नसते. चाकांची जी बेअरिंगे उघडून ग्रीस भरता येतात, ती तळहातावर ग्रीस घेऊन बोटांनीच भरायची असतात.

माझे मत विचाराल, तर लिव्हरची, ५०० ग्रॅमची गन घ्यावी. लिव्हर लांब असल्यामुळे सुकलेल्या निपलावर दाब मिळतो आणि मनगट दुखत नाही. दोन हात गुंततात हे खरे, पण कपलर (निपलाला पकडणारे गनचे टोक) चांगला असेल तर तो निपलावर आपला आपण बसून राहतो आणि तिसऱ्या हाताची गरज पडत नाही. सारी मदार त्या कपलरवर आहे. आत चार जबड्यांचा, बाहेरची टोपी फिरवून कमी-जास्त आवळता येणारा कपलर घ्या. दुकानात जाताना खिशात एक नवे निपल घेऊन जा, काही रुपयांना मिळते. कपलर त्यावर दाबल्यावर 'टक्' असा बसला पाहिजे, सरळ ओढल्यास निघता कामा नये आणि थोडा तिरका केल्यावर अलगद सुटला पाहिजे. या परीक्षेत उतरला नाही, तर गन कितीही चकचकीत असो, ती तिथेच ठेवा. आपण पुण्याला येत असाल तर नाना पेठेत हे पाहून घेता येईल.

आणखी एक. ट्रॅक्टरच्या किंगपिनला ग्रीस मारताना पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन चाके अधांतरी ठेवा. वजन टेकलेले असते तेव्हा पिन एका बाजूला दाबून बसते आणि ज्या बाजूला ग्रीस सर्वांत जास्त हवे, त्याच बाजूला ते शिरत नाही.

उत्तर २ : ऊसवाला_७८

काकांविषयी पूर्ण आदर ठेवून थोडी वेगळी बाजू मांडतो. माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या गन आहेत आणि रोज हाताला जी येते ती पिस्तुलाचीच असते. आगारात खड्डा असतो, उजेड असतो आणि माणूस उभा राहून काम करतो. आम्ही बांधावर रोटाव्हेटरशेजारी गुडघ्यावर बसतो, पीटीओ शाफ्टच्या प्लॅस्टिकच्या आवरणात एका हाताने कपलर पोचवतो आणि दुसऱ्याच हाताने ग्रीस मारावे लागते. तिथे लिव्हर उघडायला जागाच नसते. पिस्तुलाच्या गनमध्ये प्रत्येक दाबाला ग्रीस कमी येते, पण जी निपले दर आठवड्याला ग्रीस पितात ती तुंबलेली नसतात, त्यांना फार दाबाची गरजही नसते.

किमतीबाबत मात्र माझा फटका ऐकून ठेवा. पहिली गन मी घरपोच मागवली होती, साडेचारशे रुपयांना. दोन महिन्यांत तिच्या मागच्या दांड्याच्या भोकातून ग्रीस बाहेर येऊ लागले, कारण आतल्या दट्ट्याची रबरी वाटी उलटी झाली होती. त्यानंतर एकदा ट्रॉलीच्या घट्ट निपलावर जोर लावला, तेव्हा होज आणि पितळी टोक यांचा जोडच सुटला आणि ग्रीसची बोटभर जाड पिचकारी शेजारच्या भिंतीवर गेली. सुदैवाने हात त्या जागी नव्हता. तेव्हापासून होजच्या दोन्ही टोकांना स्प्रिंगचे संरक्षण आहे की नाही, हे मी आधी पाहतो.

मी गेल्या वर्षी खांद्याच्या दुखण्यामुळे १८ व्होल्टची बॅटरीवरची गन घेतली. ती उत्तम आहे, पण आमच्याकडे तीन ट्रॅक्टर आणि ऊसतोडणीच्या हंगामात चार ट्रॉल्या असतात. एका जीपसाठी आणि एका ट्रॅक्टरसाठी एवढा पैसा घालणे मला तरी पटत नाही. शिवाय बॅटरीच्या गनमध्ये हाताला दाब कळत नाही, त्यामुळे सील फुटेपर्यंत ती ग्रीस घालत राहते, ही गोष्ट मला दोन सील बदलल्यावर कळली.

उत्तर ३ : यंत्रविद्या_मास्तर

दोघांचे म्हणणे बरोबर आहे. डब्यावरच्या आकड्याविषयी मात्र स्पष्टीकरण हवे. दहा हजार पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ७०० किलो. हा कमाल दाब आहे आणि तो निपल पूर्ण तुंबलेले असताना, पूर्ण जोर लावल्यावरच निर्माण होतो. मोकळ्या निपलात ग्रीस जाताना त्याच्या लहानशा अंशातच काम होते. चांगली लिव्हरची गन त्या आकड्याच्या आसपास जाऊ शकते. पिस्तुलाची गन साधारण तीन ते सहा हजारांच्या घरात राहते, कारण पंजाच्या पकडीत तेवढा जोर नसतो. दोन्ही डब्यांवर एकच आकडा छापलेला असेल, तर त्यातला एक आकडा छापणाऱ्याच्या उत्साहाचा आहे असे धरून चालावे. त्यापेक्षा होजवर काय छापले आहे ते वाचा. होजचा कार्यदाब अनेकदा गनच्या कमाल दाबापेक्षा कमी असतो आणि तुटतो तो होजच.

ऊसवाल्यांनी सांगितलेल्या पिचकारीबद्दल थोडे गंभीरपणे लिहितो. इतक्या दाबाने सूक्ष्म भोकातून निघालेले ग्रीस कातडीत सुईसारखे शिरते. बाहेर टाचणीच्या टोकाएवढी खूण दिसते, पहिल्या तासात दुखतही नाही आणि माणूस हात पुसून कामाला लागतो. आत मात्र ग्रीस बोटाच्या स्नायुबंधांच्या म्यानातून पसरत जाते आणि बोट गमवण्याची वेळ येऊ शकते. असे झाल्यास घरगुती उपाय न करता त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि 'दाबाने ग्रीस आत गेले आहे' असे स्पष्ट शब्दांत सांगावे. त्यासाठीच ग्रीस मारताना रबरी होज मुठीत धरू नये, धरायचाच तर कपलरच्या लोखंडी अंगाला धरावा.

नळी की होज, या प्रश्नाचे उत्तर 'दोन्ही' असे आहे. बहुतेक गनसोबत वाकवलेली लोखंडी नळी येते. तिच्या जोडीला १२ ते १८ इंची होज वेगळा घ्यावा. मात्र आटे जुळतात का, हे दुकानातच फिरवून पाहावे, कारण एक-अष्टमांश इंची आणि १० मिलिमीटरचे आटे दिसायला सारखे असतात आणि जबरदस्तीने बसवल्यास पहिल्याच वापरात गळतात.

ग्रीस कोणते, हे आपण विचारले नाही, पण गनमध्ये तेच भरायचे आहे. लिथियम साबणाचे, एनएलजीआय या घट्टपणाच्या मोजपट्टीवर २ क्रमांकाचे ग्रीस आपल्या सर्व निपलांना चालेल. बाजारात एपी-३ नावाने मिळणारे ग्रीस ३ क्रमांकाचे, म्हणजे अधिक घट्ट असते. चाकाच्या बेअरिंगला ते छान, पण डिसेंबरातल्या सकाळी गनमध्ये ते स्प्रिंगच्या रेट्याने पुढे सरकायला नाखूश असते आणि आपण गनलाच दोष देत बसतो. साधे, स्वस्त चेसिस ग्रीस बहुधा कॅल्शियम साबणाचे असते. ते पाण्याला दाद देत नाही, पण साधारण ६० अंशांच्या वर टिकत नाही. ट्रॉलीच्या हूकला ते चालते, क्रॉसला देऊ नये. रंगावरून ग्रीस ओळखू नका. निळा, लाल, हिरवा हे कंपनीने घातलेले रंग असतात, त्यांचा प्रकाराशी संबंध नसतो.

शेवटी एक छोटासा प्रयोग सुचवतो. नवी गन भरल्यावर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कागद ठेवून त्यावर दहा स्ट्रोक मारा आणि वजन पाहा. माझ्या लिव्हरच्या गनचे दहा स्ट्रोक नऊ ग्रॅम भरले, पिस्तुलाच्या गनचे सहा. एकदा हा आकडा माहीत झाला, की माहितीपुस्तिकेतली ग्रॅममधली सूचना आपल्याला स्ट्रोकमध्ये वाचता येते. काटा परत ठेवण्यापूर्वी पुसावा, नाहीतर घरात पुढचा प्रयोग होणार नाही.

उत्तर ४ : मेलबर्नचा_मराठी

एवढीच भर घालतो, की परदेशी चित्रफिती पाहून निर्णय घेऊ नका. इथे ऑस्ट्रेलियात ४५० ग्रॅमची, अमेरिकेत सुमारे ४०० ग्रॅमची तयार कार्ट्रिज मिळते. ती गनमध्ये सरकवली की हात न माखता काम होते. भारतात ग्रीस डब्यात आणि पिशवीतच मिळते आणि कार्ट्रिज शोधत फिरावे लागते. म्हणून डब्यातून ओढून किंवा हाताने भरता येईल अशीच गन घ्या. त्या चित्रफितींत निपलाला 'झर्क' म्हणतात, त्याने गोंधळू नका. ऑस्कर झर्क या मूळच्या ऑस्ट्रियन गृहस्थांना या निपलाचे पेटंट अमेरिकेत १९२९ साली मिळाले, त्यांच्या आडनावावरून ते नाव पडले.

बांधावरची_जीप (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काकांच्या सांगण्याप्रमाणे खिशात निपल घेऊन गेलो. दुकानदार आधी हसला, पण तिसऱ्या गनचा कपलर निपलावरून सरळ निघून आला तेव्हा त्यानेच ती बाजूला ठेवली. अखेर लिव्हरची, ५०० ग्रॅमची गन १,१५० रुपयांना आणि दोन्ही टोकांना स्प्रिंग असलेला १८ इंची होज ३८० रुपयांना घेतला. पिस्तुलाचा मोह झाला होता, पण रोटाव्हेटरचे आवरण सरकवून पाहिले तेव्हा होजने तिथवर पोचता येते असे दिसले.

खडूने मोजल्यावर सगळी मिळून एकतीस निपले निघाली. त्यांतली सात मला आजवर माहीतच नव्हती. ट्रॅक्टरच्या पुढच्या अ‍ॅक्सलची मधली पिन तर चिखलाच्या गोळ्याखाली होती. जीपच्या नव्या क्रॉसमध्ये पहिल्या दहा स्ट्रोकमध्ये दोन कपांतून ग्रीस आले, तिसऱ्यातून पंधराव्याला. चौथ्यासाठी शाफ्ट रेटून धरल्यावर ग्रीसची पातळ कड सीलभोवती उमटली.

दोन अडचणी उरल्या आहेत. गन भरल्यावर सुरुवातीचे वीस-पंचवीस स्ट्रोक नुसतेच पोकळ जातात. आणि जीपच्या डाव्या मागच्या शॅकलचे निपल काही केल्या ग्रीस घेत नाही. लिव्हर दगडासारखी घट्ट होते आणि शेवटी कपलरच्या कडेने ग्रीस बाहेर येते.

आगारातले_काका

पोकळ स्ट्रोक म्हणजे आत हवा अडकली आहे. गन डब्यातून ओढून भरताना उघडे तोंड ग्रीसमध्ये पूर्ण बुडलेले हवे आणि मागचा दांडा सावकाश ओढायला हवा. घाईने ओढला की ग्रीसबरोबर हवेची पोकळी आत येते. आता गनचे डोके एक-दीड आटा सैल करा, मागचा दांडा पुढे दाबा, फस्स करून हवा निघेल आणि आट्यांतून ग्रीस डोकावेल, तेव्हा पुन्हा आवळा. हवा काढण्याची छोटी टोपी डोक्यावर असेल, तर तीच दाबावी. पाचसहा स्ट्रोकमध्ये धार लागली पाहिजे.

शॅकलच्या निपलाशी झटापट करू नका, मास्तरांनी पिचकारीविषयी लिहिले आहे ते अशाच वेळी घडते. आठ किंवा दहाच्या पान्याने ते निपल काढून घ्या आणि मोकळ्या निपलावर गन लावून एक स्ट्रोक मारा. ग्रीस आले नाही तर निपल टाकून द्या आणि त्याच आट्यांचे नवे बसवा. ग्रीस आले, तर अडथळा पिनमध्ये आहे. मग जीपची चेसिस जॅकवर घेऊन पाट्यावरचे वजन काढा, पिनच्या भोकात बारीक तार फिरवून सुकलेले ग्रीस खरवडा, डिझेलचे चार थेंब सोडून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा प्रयत्न करा. जॅकखाली लाकडी ओंडका जरूर ठेवा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा.

बांधावरची_जीप (प्रश्नकर्ता)

काका, निपल निर्दोष होते, अडथळा पिनमध्येच होता. तारेने खरवडल्यावर मेणासारखा तपकिरी, कडक झालेला तुकडा पेन्सिलीच्या शिशासारखा लांब बाहेर आला. रात्रभर डिझेल ठेवले आणि सकाळी सहाव्या स्ट्रोकला शॅकलच्या दोन्ही बाजूंनी आधी गंजाचे लाल पाणी, मग काळे आणि मग स्वच्छ ग्रीस आले. हवेचेही आपण सांगितले तसेच निघाले. डोके सैल करताच फस्स झाले आणि चौथ्या स्ट्रोकला धार लागली. मास्तरांचा वजनकाट्याचा प्रयोग अजून बाकी आहे, त्यासाठी घरातून परवानगी मिळायची आहे.